अक्षरं हातानं बायनरीत लिहिणं: कसं, आणि कशासाठी?

निळी_शाई
माझी भाची १२ वर्षांची आहे. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, शून्य आणि एक एवढंच कळतं, हे तिनं कुठंतरी ऐकलं आणि तेव्हापासून वहीची मागची पानं शून्य-एकांनी भरायला घेतली आहेत. "अगं, शब्द टाकला की क्षणात बायनरी करून देणारी साधनं आहेत," असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मावशी, ती उत्तर देतात गं. पण झालं कसं ते नाही सांगत." मग आम्ही दोघी आस्कीचा, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक इंग्रजी अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक देणारा, तक्ता घेऊन बसलो.

'नदी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत घेतला: एन, ए, डी, आय. एन कॅपिटल, बाकीची स्मॉल. कॅपिटल एनचा क्रमांक ७८. दोननं भागत गेलो, बाकी लिहीत गेलो: ०, १, १, १, ०, ०, १. म्हणजे ०१११००१. खात्रीसाठी उलट हिशोब केला तर ५७ आले, आणि तक्त्यात ५७ समोर आहे '९' हा आकडा! भागाकार तीनदा तपासला, त्यात चूक नाही.

ही झाली पहिली शंका. दुसरी अशी, की तिला हे मराठी अक्षरांत हवंय आणि आमच्या तक्त्यात मराठी नाहीच. तिसरा प्रश्न माझा, तिच्या नकळत विचारतेय: हे हातानं करत बसण्यात तिनं सुट्टी घालवावी का? की मी तिला हळूच दुसरीकडे वळवू?

घड्याळजी
भागाकार बरोबर, वाचन उलटं. बाक्या खालून वर वाचायच्या. पहिली बाकी एककाची, म्हणजे सगळ्यात उजवीकडची. शेवटची ६४च्या घराची, ती डावीकडे. झालं १००१११०. पुढे एक शून्य लावून आठ घरं पूर्ण करा: ०१००१११०.

मला स्वतःला भागाकारापेक्षा वजाबाकी आवडते. कागदावर आठ घरं आखा, वर किमती लिहा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता ७८मध्ये १२८ बसत नाहीत, शून्य. ६४ बसतात, एक. उरले १४. ३२ नाही, १६ नाही, ८ बसतात, उरले ६. ४ बसतात, २ बसतात, संपलं. एककाच्या घरात शून्य. तराजूत मोठ्या मापापासून सुरुवात करावी तसं. उत्तर लिहिता लिहिता सरळच येतं, उलटायची भानगड नाही.

पानकिडा
वाचतोय. मलाही मराठीचं उत्तर हवंय.

लघुगुरू
निळी_शाई, तुमची चूक तुम्हाला थेट पिंगलाच्या पंगतीला नेऊन बसवते :)

छंदःशास्त्रात पिंगलानं लघू आणि गुरू अक्षरांच्या सगळ्या रचना क्रमानं मांडल्या आहेत, त्याला प्रस्तार म्हणतात. कितव्या ओळीत कोणती रचना येते हे सगळा प्रस्तार न लिहिता काढायची रीत म्हणजे 'नष्ट'. ओळीचा क्रमांक सम असेल तर लघू लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा. तीन अक्षरांच्या प्रस्ताराची सहावी ओळ पाहा. ६ सम, लघू, उरले ३. विषम, गुरू, एक मिळवून निम्मे २. सम, लघू. उत्तर लघू-गुरू-लघू, म्हणजे आपला ज गण. दोननं भागत जाणंच आहे हे. आणि पिंगल जे पहिल्यांदा हाती येतं तेच पहिल्यांदा लिहितो, खालून वर वाचत नाही. तुम्ही दोघींनी नेमकं तेच केलंत. त्याच्या मांडणीत ते बरोबर, आस्कीच्या मांडणीत उलटं.

अवांतर होतंय, पण राहवत नाही. शाळेत गण पाठ करायला 'यमाताराजभानसलगा' शिकवतात ना, त्यात लघूला ० आणि गुरूला १ लिहून बघा: ०१११०१०००१. आता यातले लागोपाठचे तीन-तीन अंक घ्या. ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१. तीन बिटांच्या (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक) आठही रचना, प्रत्येक एकदाच! ज्यानं कुणी हे सूत्र रचलं त्याला साष्टांग नमस्कार.

मधुरा_की
लघुगुरू, हे मी चाळीस वर्षं पाठ म्हणत आले आणि कधी दिसलं नाही. आत्ता वहीत लिहून पाहिलं. अंगावर काटा आला.

रात्रपाळी
थोडं वेगळं मत मांडतो. १५ वर्षं प्रोग्रामिंग करतोय आणि एकही अक्षर कधी हातानं बायनरीत लिहावं लागलेलं नाही. मुलीला जिज्ञासा आहे हे उत्तम, पण तिला छोटा प्रोग्राम लिहायला शिकवा. पाच ओळींत काम होतं, आणि ते शिक्षण पुढे उपयोगी पडतं. हातानं आठ-आठ अंक पाडत बसणं म्हणजे पाढे पाठ असताना बोटं मोजण्यासारखं. ती कंटाळली तर विषयच सोडून देईल याची मला जास्त काळजी वाटते.

फळा_खडू
रात्रपाळी, बोटं मोजण्याचं तुम्ही म्हणालात ते बरं केलंत, कारण मी मुलांना हे बोटांवरच शिकवते.

एक हात पुढे करा. अंगठा १, तर्जनी २, मधलं ४, अनामिका ८, करंगळी १६. पाची बोटं उघडली की ३१. इंग्रजी अक्षरं २६, म्हणजे सगळी वर्णमाला एका हातात मावते. एन चौदावा: ८ आणि ४ आणि २, म्हणजे अनामिका, मधलं, तर्जनी. झालं ०१११०. आता आस्कीची गंमत अशी, की कॅपिटल अक्षराच्या पुढे ०१० लावायचं आणि स्मॉल अक्षराच्या पुढे ०११. कॅपिटल एन ०१००१११०. स्मॉल ए पहिला: ०११००००१. डी चौथा: ०११००१००. आय नववा: ०११०१००१. तुमची 'नदी' पूर्ण झाली, आणि तक्ता उघडावाही लागला नाही.

कॅपिटल आणि स्मॉलमध्ये एकाच घराचा फरक, ३२च्या. म्हणून ए ६५ आणि ९७, बी ६६ आणि ९८, असे सगळीकडे ३२चे अंतर. हा योगायोग नव्हे, तक्ता करणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा आखला. ज्या मुलांना ६५ आणि ९७ नुसते पाठ करायला लावतात त्यांना हे कधी दिसत नाही. बोटांवर केलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. कंटाळतात म्हणाल, तर माझ्या अनुभवात मुलं एकमेकांना वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून हाताच्या खुणांनी शब्द सांगायला लागतात आणि मग आपल्यालाच थांबवावं लागतं.

घड्याळजी
वा! पुढचे तीन अंक वेगळे काढायचं सुचलं नव्हतं. आकड्यांचंही असंच आहे ना? ००११ आणि पुढे तो आकडा?

फळा_खडू
हो. '७' हे चिन्ह ००११०१११. इथं मुलं हमखास अडखळतात. सात ही संख्या १११, आणि '७' हे कागदावरचं चिन्ह म्हणजे ५५वा क्रमांक. दोन्ही निरनिराळ्या गोष्टी. शब्दांमधली मोकळी जागा हेही एक चिन्हच, तिचा क्रमांक ३२, म्हणजे ००१०००००. ती विसरली की दोन शब्द चिकटतात.

तारायंत्र
या विषयावर कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं, फार आनंद झाला. मी टेलिप्रिंटरवर काम केलेलं आहे. आमची कागदी पट्टी पाच भोकांची. पाच जागा, भोक असेल वा नसेल, म्हणजे ३२ रचना. २६ अक्षरं बसवल्यावर आकड्यांना जागाच उरत नाही. म्हणून दोन खास खुणा होत्या, एक सांगायची 'यापुढे आकडे', दुसरी सांगायची 'यापुढे अक्षरं'. ती खूण चुकली की पुढचा सगळा मजकूर आकड्यांत छापून यायचा. सवयीनं आम्ही तसाही वाचायचो म्हणा. पट्टी हातात धरून भोकांवरून मजकूर वाचणारे सहकारी मी पाहिले आहेत, मलाही बऱ्यापैकी जमायचं. त्यामुळे 'हातानं कशाला' हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही.

पट्टीवर चूक झाली तर भोक बुजवता येत नाही, आणखी पाडता मात्र येतं. म्हणून चुकलेल्या जागी पाचही भोकं पाडायची. १११११ ही रचना 'अक्षरं' या खुणेची, यंत्र काहीही न छापता पुढे जायचं. पुढे आस्कीतही तेच आलं. सात बिटांत सातही एक, म्हणजे १२७, आणि त्याचा अर्थ 'खोडलेलं'. बाकीच्या नियंत्रक खुणा, म्हणजे काही न छापता यंत्राला सूचना देणाऱ्या, तक्त्याच्या सुरुवातीला ० ते ३१मध्ये आहेत आणि ही एकटी शेवटी का, असं तुमच्या भाचीनं विचारलं तर कारण हे.

निळी_शाई
काका, तिनं विचारलंच होतं! १२७ एकटा का, हा प्रश्न वहीत चौकट करून लिहून ठेवलाय. उद्या सकाळी उठल्या उठल्या सांगते.

फळा_खडू, बोटांची युक्ती रात्रीच करून पाहिली. अनामिका एकटी उघडायला मलाच जमत नाहीये, तिला मात्र पटकन जमतं.

शेवटचा_बाक
हे सगळं गुप्त लिपी म्हणून फार छान आहे. मी आणि माझा मित्र चिठ्ठ्या लिहायचो अशा, कुणाला वाचता यायच्या नाहीत.

कुलूपकिल्ली
शेवटचा_बाक, चिठ्ठ्या मस्तच, पण याला गुप्त लिपी म्हणायला माझा विरोध आहे. गुप्त लिपीत किल्ली लागते, जी दोघांनाच ठाऊक असते. आस्की तर सगळ्यांना ठाऊक असावा म्हणूनच ठरवला: १९६३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि १९६७च्या आवृत्तीत स्मॉल अक्षरं पक्की झाली. त्याचं सगळं मोल तो उघड असण्यात आहे. मुलांना सुरुवातीलाच हा फरक सांगावा, नाहीतर पुढे शून्य-एकांत लिहिलेलं सुरक्षित असतं असा समज बसतो.

मात्र लपवायचंच असेल तर इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनची कल्पना पाहा. त्यानं १६२३ साली प्रत्येक अक्षराला पाच-पाच खुणांची रचना दिली, दोनच प्रकारच्या खुणा. आणि त्या खुणा साध्या मजकुरात दोन किंचित वेगळ्या वळणांच्या अक्षरांतून लपवायच्या. वाचणाऱ्याला समोर भलतंच पत्र दिसतं, जाणकाराला वळणांमधून निरोप मिळतो.

शेवटचा_बाक
हे माहीत नव्हतं. मित्राला पाठवतो, आजही संपर्कात आहोत.

नुक्ता
आता मराठीचं. प्रश्न मागे पडतोय आणि उत्तर फार देखणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आस्की सात बिटांचा, १२८ जागा. त्यात देवनागरी नाही. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यात देवनागरीला स्वतःचा कप्पा आहे, तो २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो आणि त्यातही बरोबर १२८ जागा आहेत. म्हणजे कप्प्यातला क्रमांक ० ते १२७, सात बिटांत बसणारा. हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

आता हे क्रमांक लिहायची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत यूटीएफ-८. तीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे तीन गट, लागतात. पहिला बाइट कायम १११०००००. दुसरा बाइट १०१००१० आणि त्यापुढे एक रिकामं घर. तिसरा बाइट १० आणि त्यापुढे सहा रिकामी घरं. एक आणि सहा, सात झाली! आपला सात बिटांचा क्रमांक घ्यायचा, त्याचा पहिला अंक दुसऱ्या बाइटच्या शेवटी, उरलेले सहा तिसऱ्यात. बस्स.

'नदी' करू. न कप्प्यात ४०वा: ०१०१०००. पहिला अंक ०, उरले १०१०००. म्हणून न = १११००००० १०१००१०० १०१०१०००. द ३८वा: ०१००११०. द = १११००००० १०१००१०० १०१००११०. दीर्घ वेलांटी ६४वी: १००००००. पहिला अंक १, उरली सहा शून्यं. वेलांटी = १११००००० १०१००१०१ १०००००००. नऊ बाइट, ७२ अंक. इंग्रजीत चार बाइटांत झालं होतं, पण इथं नदी खरोखर नदी आहे.

पाठांतराला सोपं म्हणजे क २१वर आहे. क ते ङ २१ ते २५, च वर्ग २६ ते ३०, ट वर्ग ३१ ते ३५, त वर्ग ३६ ते ४०. पाच-पाचच्या पायऱ्या.

मधुरा_की
जोडाक्षरं कशी करायची? क्ष आणि ज्ञ कुठे आहेत या कप्प्यात?

नुक्ता
नाहीत. क्ष म्हणजे क, पाय मोडायची खूण, ष. तीन चिन्हं, नऊ बाइट. पाय मोडायची खूण ७७वी. ज्ञ म्हणजे ज, तीच खूण, ञ. जोडाक्षर कागदावर जोडलं जातं, साठवताना सुटंच असतं.

आणखी एक ठेच. 'कि' लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो, पण साठवताना आधी क आणि मग वेलांटी, ६३वी. जसं बोलतो तसा क्रम, जसं काढतो तसा नाही. हातानं करणारा प्रत्येक जण इथं एकदा तरी चुकतो.

पानकिडा
आणि 'दऱ्या'मधला तो अर्धा र? सूर्यावरचा रफार आणि हा वेगळा दिसतो.

नुक्ता
अगदी मराठमोळा प्रश्न! सूर्यातला रफार म्हणजे र (४८) आणि पायमोडीची खूण. दऱ्यातला म्हणजे त्याच्या पुढचा ऱ (४९), खाली टिंब असलेला, आणि पायमोडीची खूण. क्रमांकात एकचा फरक, आणि त्या एका अंकावर सूर्य आणि दऱ्या वेगळे होतात. 'दऱ्या' पूर्ण करायला द, ऱ, पायमोडी, य, काना. पाच चिन्हं, पंधरा बाइट.

घड्याळजी
नुक्ता, तो १० आणि १११० कशासाठी? घरं वाया जातात असं वाटतं. आपले सात अंक लिहायला २४ घरं!

नुक्ता
वाया जात नाहीत. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे तीन एक सांगतात की हे चिन्ह तीन बाइटांचं आहे. पुढचे बाइट १०नं सुरू होतात, म्हणजे 'मी मागच्याचाच भाग'. साधं आस्की अक्षर ०नं सुरू होतं. आता कल्पना करा की तुमच्या वहीचं पान मधूनच फाटलं. उरलेल्या तुकड्यात जिथं १० सोडून दुसरी सुरुवात दिसेल तिथून नवं अक्षर, हे तुम्ही नुसत्या डोळ्यांनी सांगू शकता. एक अक्षर जाईल, सगळा मजकूर जाणार नाही. तारायंत्रकाकांच्या पट्टीवर एक खूण चुकली की पुढचं सगळं बिघडायचं, त्याच दुखण्यावरचं हे औषध आहे.

रात्रपाळींच्या मुद्द्याकडे जाताना एक सांगतो. यूटीएफ-८ची ही बिटांची आखणी संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सननं १९९२च्या सप्टेंबरमध्ये, सहकारी रॉब पाइकबरोबर एका खाणावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर केली. हातानं.

तारायंत्र
हे वाचून मन भरून आलं. आमच्या पट्टीचं दुखणं कुणाच्या तरी लक्षात राहिलं म्हणायचं.

फळा_खडू
अशीच आणखी एक सोय आस्कीच्या काळात होती. सात बिटांच्या पुढे आठवं घर मोकळं असायचं, तिथं तपासणीचा अंक ठेवत. एकूण एकांची संख्या सम व्हावी असा. कॅपिटल ए १०००००१, एक दोनदा, म्हणून पुढे ०. कॅपिटल सी १००००११, एक तीनदा, म्हणून पुढे १. मुलं चिठ्ठ्या देतात तेव्हा मी हे करायला लावते. उतरवताना एक अंक चुकला की वाचणारा लगेच ओरडतो, "सातवं अक्षर बघ!" दोन अंक एकदम चुकले तर मात्र कळत नाही, आणि ते का कळत नाही हे मुलं स्वतः शोधून काढतात.

निळी_शाई
चार दिवसांनी येतेय, माफ करा. घरात सगळीकडे चिठोऱ्या झाल्या आहेत. १२७चं उत्तर ऐकून ती इतकी खूश झाली की आता चुकलेला शब्द ती खोडत नाही, त्यावर सात काड्या मारते. तारायंत्रकाका, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

नुक्ता यांच्या पद्धतीनं तिनं स्वतः 'पाऊस' लिहिला. चारही चिन्हांचे पहिले दोन बाइट सारखेच आले, १११००००० १०१००१००, म्हणून फक्त तिसरे देते: १०१०१००१, १०१११११०, १०००१०१०, १०१११०००. तिला इथल्या मंडळींकडून तपासून हवं आहे. मी मदत केलेली नाही.

घड्याळजी
काना ६२, ऊ १०, स ५६. तिन्ही बरोबर. पहिला मात्र ४१ येतोय आणि तो प नाही! न दिसतोय, खाली टिंब असलेला. 'ऩाऊस'.

नुक्ता
शाब्बास तिची! ही चूक हिशोबाची नाहीच, हिशोब तंतोतंत आहे. माझ्या पाच-पाचच्या पायऱ्यांवर तिनं विश्वास ठेवला आणि न ४०, मग प ४१ असं धरलं. मी तिथं सांगायला हवं होतं. ४१वर ऩ बसलाय, म्हणून प ४२. प = १११००००० १०१००१०० १०१०१०१०. प वर्ग ४२ ते ४६.

हा ऩ मध्येच का, तर तमिळमध्ये दोन निराळे न आहेत. भारतीय लिप्यांचे कप्पे युनिकोडमध्ये एकाच साच्यात आखलेत, जुन्या भारतीय मानकाच्या, इस्कीच्या, धर्तीवर. तमिळच्या कप्प्यातही ४१वर तो दुसरा न आहे, ५१वर त्यांचा ळ आणि आपलाही ळ ५१वर. क तर सगळीकडे २१. म्हणून भाचीला सांगा, मराठी क आणि गुजराती क यांत फरक फक्त दुसऱ्या बाइटमध्ये: आपला १०१००१००, त्यांचा १०१०१०१०. पहिला आणि तिसरा सारखाच. एवढं बदललं की तिला गुजराती क लिहिता आला.

मधुरा_की
एका बाइटमध्ये शेजारची भाषा! हे मी आज कितीजणांना सांगणार आहे.

रात्रपाळी
मी परत आलोय, कारण दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती.

कामावर मराठी मजकूर बिघडून आलेला मी अनेकदा दुरुस्त केलाय. त्यात नेहमी एकच जोडी पुन्हा पुन्हा दिसते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, आणि त्याला लागून एक छोटं वर्तुळ, चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं. मग एखादं भलतंच चिन्ह. पुन्हा तो ए, पुन्हा ते वर्तुळ. बिघाड झाला की एक सेटिंग बदलायचं, मजकूर नीट होतो, एवढं मला ठाऊक होतं. तीच जोडी का, हे कधी विचारलं नाही.

परवा नुक्ता यांचे बाइट कागदावर घेतले आणि घड्याळजींच्या मापांनी मोजले. १११०००००: १२८, ६४, ३२, मिळून २२४. १०१००१००: १२८, ३२, ४, मिळून १६४. जुन्या एका बाइटच्या पाश्चात्त्य तक्त्यात २२४ म्हणजे तोच रेघेचा ए, आणि १६४ म्हणजे तेच वर्तुळ! प्रत्येक मराठी अक्षराच्या सुरुवातीचे दोन बाइट सुटे वाचले जात होते. इतकी वर्षं माझ्या पडद्यावर समोर होतं आणि कळायला कागद लागला.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. प्रोग्राम लिहायला तिनं शिकावंच. पण आता म्हणेन, आधी 'पाऊस' हातानं होऊ द्या, मग तोच प्रोग्रामनं. तिला काय करून घ्यायचंय हे तिला माहीत असेल.

कुलूपकिल्ली
रात्रपाळी, तो रेघेचा ए मीही वर्षानुवर्षं पाहतोय. धन्यवाद. याच्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, प्रश्नचिन्हं येतात आणि चौकोन येतात ते बिघाडही त्यात घ्या.

लघुगुरू
+१. मी वाट पाहीन.

तारायंत्र
निळी_शाई, मूळ प्रश्न तुमचा होता की तिला वळवावं का. मला वाटतं तो तुम्ही तिलाच विचारा. आम्ही इथं फार बोललो.

निळी_शाई
काका, विचारलं. "सुट्टी संपेपर्यंत हेच करायचंय का तुला?" तिनं तोंडानं उत्तर दिलं नाही, वही ओढली, दहा मिनिटं लिहीत बसली आणि पान माझ्या हातात दिलं. मी बोटांवर मोजून वाचलं, एकही अंक चुकलेला नाही. जसंच्या तसं उतरवते:

१११००००० १०१००१०० १०१११००१
१११००००० १०१००१०१ १०००१०११